एकच कहाणी पाच टेबलांवर : समाजसेवी संस्था आपसातली माहिती कशी सांभाळतात

डिसेंबरच्या पावसात आमच्या ओळखीच्या एका घरातल्या आजी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला, नातू प्राथमिक शाळेत. मुलगा सिंगापूरचा नागरिक, आजी कायम रहिवासी. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले आणि त्याच काळात घरच्यांच्या लक्षात आले की आजींना विसरही पडू लागला आहे.

पुढच्या सहा आठवड्यांत त्या घराने एकच कहाणी पाच ठिकाणी सांगितली. रुग्णालयातल्या सोशल वर्करला, दवाखान्यातल्या नर्सला, ज्येष्ठांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राला, आर्थिक मदतीचा अर्ज घेणाऱ्या कार्यालयाला आणि शेवटी कुटुंबांना सल्ला देणाऱ्या केंद्राला. प्रत्येक ठिकाणी नवा फॉर्म, नवे प्रश्न. व्हीलचेअरबद्दल दोन ठिकाणांहून फोन आले. पण आजी रात्री उठून दाराची कडी काढतात तेव्हा घरात जागे कोण असते, हे पाचांपैकी एकानेही विचारले नाही. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने विचारले असेल. एका पहाटे आजी लिफ्टने खाली उतरून थेट एलआरटी स्टेशनापर्यंत गेल्या. झाडलोट करणाऱ्या एका बाईंनी त्यांना बाकावर बसवून ठेवले म्हणून निभावले.

त्या पाच टेबलांवरचे कुणीही कामचुकार नव्हते. उलट सगळे मन लावून काम करणारे होते. मग अडले कुठे? या प्रश्नाने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. आम्ही म्हणजे चोआ चू कांग आणि यू टी भागात राहणारी चार मराठी कुटुंबे. चारही घरांत आयटीची नोकरी, त्यामुळे 'दोन सिस्टिम एकमेकांशी बोलत नाहीत' हे दुखणे आमच्या रोजच्या ओळखीचे. तेच दुखणे माणसांच्या मदतीच्या क्षेत्रात कसे दिसते आणि त्यावर सिंगापुरात, आपल्या महाराष्ट्रात आणि इतरत्र काय काय उपाय झाले, हे आम्ही जमेल तसे समजून घेतले. त्याचे हे टिपण. शेवटी आपल्या घरी लगेच उपयोगी पडतील अशा काही गोष्टीही दिल्या आहेत.

कोण काय करते?

आधी इथली रचना पाहू. चोआ चू कांग हे नाव जुन्या 'कांगचू' पद्धतीतले. एकोणिसाव्या शतकात मिरी आणि गँबियरचे मळे नदीकाठी असत, तिथल्या मुखियाला कांगचू म्हणत, आणि चोआ हे आडनाव. त्या काळी वस्तीत कुणाला काय हवे-नको ते सगळे त्या एकाच माणसाच्या डोक्यात असणार. आज १९९० मध्ये सुरू झालेले एमआरटी स्टेशन, १९९९ पासूनची एलआरटी आणि दीड लाखाहून जास्त वस्ती असलेल्या या गावात ती माहिती अनेक कार्यालयांत वाटली गेली आहे.

सर्वांत वर धोरण ठरवणारे सामाजिक व कुटुंब विकास मंत्रालय. त्याच्या अखत्यारीतली सोशल सर्व्हिस ऑफिसे, म्हणजे एसएसओ. पहिले २०१३ मध्ये क्रेटा आयरला सुरू झाले आणि आता शहरभर अशी ऑफिसे आहेत, त्यांतले एक चोआ चू कांगचे. २००५ मध्ये सुरू झालेल्या कॉमकेअर या आर्थिक मदत योजनेचे अर्ज तिथे घेतले जातात. दुसरी फळी फॅमिली सर्व्हिस सेंटरांची. घरातले ताणतणाव, मुलांचे प्रश्न, पैशाची अडचण यांसाठी इथे सोशल वर्कर भेटतो. अशी चाळीसहून अधिक केंद्रे आहेत आणि ती बहुतेक स्वयंसेवी संस्था चालवतात. चोआ चू कांगचे केंद्र फेइ युए ही संस्था चालवते. तिसरी फळी ज्येष्ठांच्या सेवांची. त्यांचा समन्वय २००९ मध्ये स्थापन झालेली एजन्सी फॉर इंटिग्रेटेड केअर, म्हणजे एआयसी, करते. अपंगत्वाच्या बाबतीत २०१३ पासून एसजी एनेबल आहे. भारतीय समाजासाठी १९९१ पासून सिंडा आहे. आणि या सगळ्या स्वयंसेवी संस्थांची छत्री म्हणजे नॅशनल कौन्सिल ऑफ सोशल सर्व्हिस. तिचे मूळ १९५८ मधल्या कौन्सिलमध्ये आहे, आजचे रूप १९९२ चे. पाचशेहून अधिक संस्था तिच्या सदस्य आहेत.

एवढी माणसे, एवढ्या संस्था आणि मधोमध एक आजी! आता प्रश्न असा की यांच्यात नेमके काय वाटून घ्यायचे?

माहिती तीन प्रकारची

या विषयावर 'सगळ्यांसाठी एक मोठा डेटाबेस बनवा' हे उत्तर पटकन सुचते. आयटीतल्या लोकांना तर जास्तच पटकन! आम्हालाही आधी तेच सुचले होते. पण खोलात गेल्यावर लक्षात आले की इथे तीन अगदी वेगळ्या गोष्टी 'माहिती' या एकाच नावाखाली येतात.

१. कोणती संस्था कुणासाठी काय करते, याची माहिती. ही सर्वांसाठी खुली असावी लागते.
२. एखाद्या माणसाचे किंवा घराचे काय चालले आहे, याची माहिती. ही जपून, गरजेपुरतीच द्यावी लागते.
३. काम कसे करायचे याचे कसब. हे कागदावर पुरते उतरत नाही, ते माणसाकडून माणसाकडे जाते.

तिन्हींचे नियम वेगळे, राखणदार वेगळे. जिथे जिथे घोटाळा झालेला दिसतो तिथे बहुधा एका प्रकारच्या माहितीला दुसऱ्या प्रकारचे नियम लावलेले असतात. एकेक करून पाहू.

पहिला प्रकार : पत्त्यांची वही

आजींच्या प्रसंगानंतर आम्ही उत्साहाने एक एक्सेल शीट बनवली. भागातल्या सगळ्या केंद्रांची नावे, फोन, वेळा, अटी. दोन शनिवार-रविवार खपून छान रंगीत केली, ओळखीच्यांना पाठवली. सहा महिन्यांनी एका मैत्रिणीला तिचा उपयोग करावा लागला तेव्हा तिचे पहिले तीन फोन वाया गेले. एक केंद्र दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलले होते, एकाची वेळ बदलली होती आणि एक सेवा वेगळ्याच नावाने दुसरीकडे सुरू झाली होती. शीटवर 'शेवटची तपासणी' असा रकानाच नव्हता, त्यामुळे कोणती ओळ खरी आणि कोणती शिळी हे कळायला मार्ग नव्हता.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर सगळीकडे आली आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये अटलांटा शहरात युनायटेड वे या संस्थेने २-१-१ हा फोन क्रमांक सुरू केला. कुठलीही गरज असो, एकच नंबर फिरवायचा आणि पलीकडचा माणूस योग्य संस्था सांगतो. २००० मध्ये हा क्रमांक देशभर याच कामासाठी राखून ठेवला गेला. तो चालवताना दोन गोष्टी ठळक झाल्या. एक, सेवांची नावे एकसारखी असायला हवीत. तिथे यासाठी हजारो संज्ञांची एक वर्गवारीच तयार झाली. दोन, यादी जिवंत ठेवायला पगारी माणूस लागतो. पुढे २०१४ च्या सुमारास ओपन रेफरल नावाचा उपक्रम सुरू झाला. प्रत्येकाने स्वतःची वेगळी यादी करण्यापेक्षा सर्व यादीवाल्यांनी एकाच साच्यात माहिती ठेवावी, म्हणजे ती एकमेकांना देता येईल, असा त्याचा विचार.

नावांचा गोंधळ इथेही आहेच. आपल्याला 'डे केअर' म्हटले की एकच चित्र दिसते. पण इथे मुलांचे चाईल्डकेअर वेगळे, शाळेनंतरचे स्टुडंट केअर वेगळे. ज्येष्ठांसाठी अ‍ॅक्टिव्ह एजिंग सेंटर म्हणजे व्यायाम, गप्पा, भेटीगाठी, आणि सीनियर केअर सेंटर म्हणजे दिवसभराची देखभाल, फिजिओथेरपी, विस्मरणाच्या रुग्णांची काळजी. आजींच्या घरच्यांनी पहिला आठवडा चुकीच्या प्रकारच्या केंद्रांना फोन करण्यात घालवला, कारण शब्दच माहीत नव्हता!

सरकारने २०२० मध्ये सुरू केलेले सपोर्ट-गो-व्हेअर हे संकेतस्थळ आणि एसजी एनेबलचे एनेबलिंग गाईड या पहिल्या प्रकारच्या चांगल्या याद्या आहेत. आमची एक्सेल शीट आम्ही मोडीत काढली. जी यादी राखायला कुणी बांधील नाही ती नसलेली बरी, हा आमचा पहिला धडा. संकटात असलेल्या माणसाच्या अंगात तीन फोन करण्याचे बळ असते. तेच तीन वाया गेले तर चौथा फोन तो करत नाही.

दुसरा प्रकार : घरातली गोष्ट

आता नाजूक भाग. आजींची औषधे, मुलाचा पगार, सुनेची झोप, नवरा-बायकोतले वाद, हे सगळे मदत करणाऱ्याला कळावे लागते. पण ते कुणाकुणाला आणि किती?

माहिती न पोहोचल्याने काय होते याचे एक दुःखद उदाहरण इंग्लंडमधले. व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीचा फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये घरच्यांच्या छळाने मृत्यू झाला. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला. समाजसेवा खाती, पोलीस, रुग्णालये अशा अनेक यंत्रणांना ती मुलगी ठाऊक होती आणि तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्या, असे त्यात नोंदले आहे. प्रत्येकाकडे तुकडा होता, चित्र कुणाकडेच नव्हते.

त्यानंतर इंग्लंडमधल्या सर्व मुलांची, म्हणजे सुमारे १ कोटी १० लाख मुलांची, कॉन्टॅक्टपॉइंट नावाची यादी तयार झाली. २००९ मध्ये ती वापरात आली. तिच्यात मुलाचे नाव, पत्ता, शाळा, डॉक्टर आणि त्याच्यासोबत काम करणारे लोक एवढेच होते, केसची टिपणे नव्हती. तरी ती पाहू शकणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या वर जाणार होती. सगळ्यांच्याच मुलांची यादी इतक्या लोकांसमोर कशासाठी, असा आक्षेप आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये नव्या सरकारने ती बंद केली. बावीस कोटी पौंडांहून जास्त खर्च तोवर झाला होता.

आपल्याकडचे उदाहरणही फार दूरचे नाही. २०२० मध्ये सिंगापुरात चार वर्षांच्या एका मुलीचा घरच्यांच्या छळाने मृत्यू झाला. त्या प्रकरणाचा आढावा घेणाऱ्या समितीचा अहवाल ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोष एकाच संस्थेवर न टाकता अनेक यंत्रणांच्या कामातल्या त्रुटी त्यात दाखवल्या आहेत. लहान मुलांच्या घरात तो वाचताना हात थरथरतो. पण वाचायला हवा, कारण मधे हरवलेली माहिती म्हणजे काय ते त्यातून कळते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१८ मध्ये सिंगहेल्थच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली. त्यांतल्या सुमारे १ लाख ६० हजार जणांची औषधांची माहितीही गेली. जिथे सगळे एकत्र ठेवले जाते तिथे सगळे एकदम जाऊही शकते. आणि चोरी हाच एकमेव धोका नव्हे. मारहाण सोसणारी एखादी बाई सोशल वर्करला मन मोकळे करते आणि तिचा नवा पत्ता चुकून चुकीच्या माणसाला कळतो, तेव्हा तो 'डेटा' राहत नाही, जिवावरचा प्रसंग होतो.

म्हणून इथले कायदे दोन्ही बाजू सांभाळण्याचा प्रयत्न करतात. २०१२ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, ज्याची मुख्य कलमे जुलै २०१४ पासून लागू झाली, स्वयंसेवी संस्थांनाही लागू आहे. संमती घ्या, कारण सांगा, गरजेपुरतेच गोळा करा, हा त्याचा गाभा. जीव धोक्यात असेल अशा प्रसंगी संमतीशिवायही माहिती देता येते. सरकारी खात्यांना हा कायदा लागू नाही, त्यांच्यासाठी २०१८ चा वेगळा कायदा आहे. त्याने खात्यांना आपसात माहिती देण्याचा रस्ता दिला आणि परवानगीविना ती फोडणे गुन्हा ठरवले. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या प्रौढांसाठीचा कायदाही २०१८ चाच.

कामाच्या पातळीवर एसएसओ आणि फॅमिली सर्व्हिस सेंटरे यांच्यासाठी एसएसनेट ही सामायिक प्रणाली गेल्या दशकात टप्प्याटप्प्याने आली. एका कुटुंबाला कुठली मदत चालू आहे हे अधिकार असलेल्या कर्मचाऱ्याला दिसावे आणि कुटुंबाला तेच तेच पुन्हा सांगावे लागू नये, हा तिचा हेतू. चांगलीच गोष्ट. पण आजींच्या प्रसंगात आम्हाला दिसले ते असे की प्रणाली सांगते 'कोण कोण आहे'. 'आता फोन कुणी करायचा' हे ती सांगत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते.

शेवटी तो प्रश्न सुटला तो असा. पाचव्या टेबलावरच्या सोशल वर्करने मुलाला समोर बसवून, त्याची परवानगी घेऊन, बाकीच्या चौघांना एकामागून एक फोन लावले. मग अर्ध्या कागदावर लिहिले : औषधे कोण बघणार, दिवसा कोण, रात्री कोण, अडचण आली तर पहिला फोन कुणाला. शेवटच्या ओळीवर तिने स्वतःचे नाव घातले. तो कागद आजही त्या घराच्या फ्रिजवर आहे. दाराला वरच्या बाजूला एक जास्तीची कडी आणि घंटा बसली. खर्च नगण्य!

तिसरा प्रकार : कसब

त्या सोशल वर्करला हे कुणी शिकवले? कुठल्याही फॉर्मवर तसे लिहिलेले नव्हते. 'रात्री कोण असते?' हा प्रश्न विचारायचा असतो, हे ज्ञान अनुभवाचे. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये अशा न सांगता येणाऱ्या ज्ञानावर पुस्तक लिहिले. पुढे १९९५ मध्ये नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी कारखान्यांतली उदाहरणे घेऊन दाखवले की असे ज्ञान एकत्र काम केल्यानेच एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सुगरणीच्या हातची पुरणपोळी पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी उभे राहून येते, हे आपल्याला जपानकडून शिकायची गरज नाही म्हणा!

या बाबतीत महाराष्ट्राकडे फार मोलाची उदाहरणे आहेत. परदेशात राहून आपण ती विसरू नयेत म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिले गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवली. त्यांना तिथे आरोग्यदूत म्हणतात. बाळाचे वजन, श्वास, ऊब, जंतुसंसर्गाची लक्षणे हे डॉक्टरांच्या डोक्यातले ज्ञान चित्रांच्या, तक्त्यांच्या आणि सरावाच्या मदतीने या स्त्रियांच्या हातात आले. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे. हे एका संस्थेपुरते राहू नये म्हणून 'अंकुर' या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांत तीच पद्धत वापरली. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांच्या घरी काळजीचा कार्यक्रम देशभर घेतला. नुसता अहवाल पाठवून हे झाले नसते. प्रशिक्षण, हाताखाली सराव आणि नंतर देखरेख हे तिन्ही सोबत गेले.

दुसरे मुंबईचे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. सोशल वर्कर थेट पोलीस आयुक्तालयात बसू लागल्या. पोलिसांना कायदा ठाऊक, सोशल वर्करला घर ठाऊक. एका छताखाली बसल्याने दोघे एकमेकांची भाषा शिकले आणि पुढे हा नमुना राज्यात इतरत्र गेला.

तिसरे १०९८ चे. जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये टाटा संस्थेतल्या प्रकल्पातून मुंबईत चाईल्डलाईन सुरू केली. तिची खरी ताकद नंबरात नव्हती, जाळ्यात होती. प्रत्येक शहरात एक संस्था समन्वय आणि अभ्यास बघणार, काही संस्था प्रत्यक्ष मुलापर्यंत धावणार आणि काही आपल्या भागात माहिती पसरवणार. कुणी काय करायचे हे आधीच वाटून घेतलेले. २०२३ पासून ही सेवा सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. नंबर तोच राहिला. मात्र अनेक संस्थांनी पंचवीसेक वर्षांत कमावलेला अनुभव नव्या माणसांपर्यंत कसा पोहोचवायचा, हा प्रश्न अशा प्रत्येक बदलात उभा राहतोच. नोकरी बदलताना आपण 'हँडओव्हर' करतो ना, तसाच.

थोडक्यात, जाळे कशावर टिकते?

- प्रत्येक यादीला एक मालक आणि प्रत्येक ओळीला तपासणीची तारीख हवी.
- माणसाची माहिती देताना त्याला विचारावे, का देतो ते सांगावे आणि लागेल तेवढीच द्यावी. मात्र जीव धोक्यात असेल तर गोपनीयतेच्या नावाखाली गप्प बसू नये.
- प्रत्येक घरामागे एक नाव हवे. 'आम्ही सगळे बघतोय' याचा अर्थ पुष्कळदा 'कुणीच बघत नाही' असा होतो.
- फोनवर दिलेला-घेतलेला निरोपही लिहून ठेवावा. तोंडी निरोप हा पहिला हरवतो.
- निरनिराळ्या संस्थांतल्या माणसांनी अधूनमधून समोरासमोर बसावे, फसलेल्या केसबद्दलही बोलावे. फक्त यशोगाथा सांगितल्या तर कुणी काही शिकत नाही.
- प्रणाली विकत घेण्याआधी टेबलावरच्या माणसाला विचारावे की त्याला दिवसातून किती वेळा तेच तेच टाईप करावे लागते.

आपल्या घरासाठी

आता वाचकांच्या कामाचे. भारतातून आलेले आई-वडील, लहान मुले, दोघांच्या नोकऱ्या अशी आपली बहुतेकांची घरे. आपण संस्था चालवत नसलो तरी आपल्या घराची माहिती आपणच सांभाळतो. म्हणून :

१. एका पानाची घरफाईल करा. प्रत्येक माणसाचे आजार, औषधांची नावे आणि मात्रा, अ‍ॅलर्जी, आधीची ऑपरेशने, डॉक्टर, विमा, जवळच्या दोन माणसांचे फोन. वर तारीख लिहा. दिवाळी आणि गुढीपाडव्याला ती तपासायची असे ठरवले तर विसरत नाही.

२. आई-वडिलांना कोणत्या भाषेत सांगणे सोपे जाते ते पहिल्या भेटीतच सांगा. आजींचे अर्धे प्रश्न 'हो हो' म्हणून उत्तरले गेले होते, कारण इंग्रजी कळले नव्हते आणि तसे म्हणायचा संकोच होता.

३. प्रत्येक कार्यालयात तीन प्रश्न विचारा : आमच्या केसला नाव कुणाचे? ही माहिती आणखी कुणाला दिसेल? दुसऱ्या संस्थेशी तुम्ही बोलणार की आम्ही?

४. हे क्रमांक फ्रिजवर लावा. आर्थिक किंवा कौटुंबिक अडचणीसाठी कॉमकेअर १८००-२२२-००००. घरगुती हिंसा किंवा छळासाठी १८००-७७७-००००. मनाच्या तातडीच्या प्रश्नासाठी १७७१, जो जून २०२५ पासून सुरू आहे, आणि समॅरिटन्स ऑफ सिंगापूर १७६७. ज्येष्ठांच्या सेवांसाठी एआयसी १८००-६५०-६०६०. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५.

५. आर्थिक मदतीच्या योजना मुख्यतः नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहेत. वर्क पास किंवा डिपेंडंट पासवर असलेल्यांना त्या सहसा मिळत नाहीत. पण हिंसेचा किंवा जिवाचा प्रश्न असेल तर पास कुठला आहे याचा विचार करत बसू नका, फोन करा. भारतीय नागरिकांना भारत सरकारचे २०१५ पासूनचे मदद पोर्टल आणि अडचणीतल्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेला कल्याण निधी यांचाही आधार आहे. त्यासाठी भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधावा.

आणि मंडळासाठी

आपले मंडळ हेही एक छोटेसे जाळेच आहे. कुणाच्या आईला फिजिओथेरपी कुठे मिळाली, कुठल्या केंद्रात हिंदी किंवा तमिळ बोलणारी माणसे आहेत, अर्ज करताना काय अडले, हे ज्ञान आज गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ते तसेच जाऊ दे, कारण तिसऱ्या प्रकारचे ज्ञान असेच जाते! मात्र कुणाच्या घरातली गोष्ट त्याला न विचारता पुढे जाता कामा नये. मराठी समाज इथे लहान आहे. काल सांगितलेले उद्या सगळ्यांना ठाऊक असते आणि या एका भीतीपोटी अनेक जण वेळेवर मदत मागत नाहीत. आमच्या चार कुटुंबांनी एक नियम केला आहे : सेवेची माहिती सगळ्यांना, माणसाची माहिती कुणालाच नाही. ज्याला सांगायचे तो स्वतः सांगेल.

आजी आता बऱ्या आहेत. आठवड्यातून तीन दिवस केंद्रात जातात. तिथल्या चिनी आजीबाईंना त्यांनी फुगडीचा एक प्रकार बसून कसा घालायचा ते दाखवले म्हणे! त्यांना सगळे आठवतेच असे नाही. पण त्यांच्यासाठी काय आठवणीत ठेवायचे ते आता त्यांच्या भोवतीच्या माणसांना एकमेकांकडून ठाऊक आहे.

या टिपणातल्या फोन क्रमांकांत आणि वेळांत पुढे बदल होऊ शकतात, तेव्हा वापरण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी. चूकभूल द्यावी घ्यावी.